बारवेच्या पश्चिम भिंतीतले ठोके

मैत्रिणीकडे या मासिकाचा अंक पडला होता. चाळला. त्यात कुणाला तरी पिंपळाखाली पांढऱ्या साडीतली बाई दिसली होती आणि तिचे पाय उलटे होते. मी मैत्रिणीला अर्धा तास झापलं. म्हटलं, चौथीतली पोरगी परीक्षेला बसतेय आणि घरात तू हे वाचतेस? ती शांतपणे म्हणाली, "आणि तुझ्या बारवेचं काय गं?"

म्हणून हे लिहायला घेतलंय.

तर आधीच सांगते, माझा असल्या कशावर विश्वास नाही. भानामतीचे दगड कोण मारतं ते शोधायला मी चाळीसगावकडच्या एका घराच्या कौलांवर पूर्ण दुपार बसून राहिलेय. (दगड घरातली थोरली सूनच मारत होती. तिची कारणं ऐकल्यावर मलाही दोन मारावेसे वाटले, पण तो विषय वेगळा.) अंगात येणाऱ्यांना मी डॉक्टरकडे नेते, आणि नेऊ देत नाहीत त्यांच्या दारात उभी राहून पत्रकं वाटते. हे छापून आल्यावर आमच्या संघटनेतले लोक माझी चेष्टा करतील. करू देत. चार वर्षं मी या गोष्टीचं उत्तर शोधलं. मिळालं नाही. मिळालं नाही हेसुद्धा प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नाहीतर मग आमच्यात आणि बुवांमध्ये फरक काय?

एकोणीसशे नव्वदचा मे महिना. एरंडोलहून पद्मालयाकडे जाणारा रस्ता सोडून आत गेलं की एक गाव लागतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या आईचं माहेर. गावाच्या मधोमध एक बारव आहे, म्हणजे पायऱ्यांची विहीर. चौकोनी, काळ्या दगडाची, यादवांच्या काळातली. पूर्वेकडून रुंद जिना पार पाण्यापर्यंत उतरतो. दोन्ही बाजूंना कोनाडे, कोनाड्यांवर वेलबुट्टी, एका कोनाड्यात झिजलेला गणपती. आणि पश्चिमेला दुसरा जिना. अरुंद. एकोणीस पायऱ्या. एकही नक्षी नाही. तो पाण्यापर्यंत जातच नाही! दीड पुरुष वर एका छोट्या ओट्यावर थांबतो, आणि समोर भिंत.

तो जिना आमचा.

माझे आजोबा, त्यांना सगळे आबाच म्हणतात, लहानपणी आईचं बोट धरून त्या ओट्यावर उभे राहायचे. वरच्या कठड्याशी कुणी आलं आणि त्याला वाटलं, तर तो वरून पाणी ओतायचा. खाली यांनी मडकं धरायचं. नाही वाटलं, तर उभं राहायचं. तास, दोन तास. आबांनी हे मला एकदाच सांगितलं. पुढे वस्तीत हापसा आला, धम्म घेतला, आणि तीसेक वर्षं आबा त्या बारवेकडे फिरकले नाहीत. बाजाराला जातानासुद्धा शाळेमागून वळसा घालून जायचे.

आणि आता पंचायतीनं ठरवलं होतं की बारव बुजवायची. कचरा साठतो, डास होतात, जागा मोक्याची आहे. तिथे सभागृह बांधू.

मी जळगावहून थैली भरून पत्रकं घेऊन आले. स्टेन्सिल मीच कापलं होतं, सायक्लोस्टाईलची शाई अजून बोटांना होती. मथळा होता: "पुरावा बुजवू नका!" खाली लिहिलं होतं की ही बारव देखणी आहे म्हणून नव्हे, तर ती निर्लज्ज आहे म्हणून ठेवा. शाळेच्या पुस्तकात ही शैली एका मंत्र्याच्या नावानं शिकवतात. त्या मंत्र्यानं एक तरी दगड उचलला का? ज्यांनी उचलले त्यांची नावं कुठे आहेत? आणि शेवटचं वाक्य, ज्याचा मला फार अभिमान होता: "या दगडांत कारागिरी आहे, पण मायेचा एक थेंब नाही."

ते वाक्य लक्षात ठेवा. त्याचं पुढे काय झालं ते सांगणार आहे.

सरपंच होते नाना. वाईट माणूस नव्हे. चहा पाजायचे, खुर्ची द्यायचे आणि नाही म्हणायचे. पत्रक पूर्ण वाचून घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "ताई, लिहिता झकास. पण तुम्ही पडल्या पाहुण्या. उद्या जळगावला जाल, डास आम्हाला चावतील. गावातल्या एका जुन्या माणसानं ग्रामसभेत उठून सांगावं की बारव ठेवा. एकानं! मग मी सभागृह शाळेकडे सरकवतो. शब्द."

ग्रामसभा गुरुवारी होती. हातात पाच दिवस. आणि गावात त्या जिन्याबद्दल स्वतःच्या अनुभवानं बोलू शकेल असा एकच जुना माणूस उरला होता — आबा.

आता आबांशी बोलणं म्हणजे काय ते सांगते. आबांनी आयुष्यभर टाकी-हातोडी चालवली. गिरणेवरच्या पुलांचे दगड घडवले, नंतर गावोगाव फिरून जात्या-पाट्यांना टाकी लावली. सुरुंगांनी आणि घणांनी कान गेले. अगदीच गेले. वस्तीत कुणाचंच बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नसे. माझं पोचायचं, कारण घोषणा देऊन देऊन माझा आवाज लाउडस्पीकरसारखा झालाय. आई म्हणते, चळवळीनं घराला काय दिलं विचारशील तर एवढंच, की आबाला नातीचं ऐकू येतं. तोटा असा की आमचं प्रत्येक खासगी बोलणं चार गल्ल्यांना ऐकू जातं.

मी त्यांच्या उजव्या कानाशी पूर्ण पत्रक वाचलं. आबांनी डोळे मिटून ऐकलं.

"बेस लिखं," ते अहिराणीत म्हणाले. "पन बुजाई जाऊ दे."

"आबा! पुरावा आहे तो!"

"तुनासाठे पुरावा व्हई. माले त मनी माय दिखस तठे. हात पसरेल." थोडं थांबून म्हणाले, "बुजाई जाऊ दे पोरी. मी स्वता दोन पाट्या माती टाकसू."

मी चिडले. माणसाच्या दुःखावर चिडायचं नसतं हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता थोडं थोडं कळतं. मी म्हटलं, तुमच्यासारख्यांमुळेच यांचं फावतं. आबांनी ते नेमकं ऐकू न आल्यासारखं केलं. बहिऱ्या माणसाला ही सोय असते.

सोमवारी धुळ्याहून नेहेते सर आले. देवपूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. मी पत्र टाकलं होतं की बारवेचा मोजून नकाशा करून द्या, सभेत दाखवू. सर एसटीतून उतरले ते काळी छत्री, पत्र्याच्या डबीतली टेप आणि आलेखाच्या कागदांची वळकटी घेऊन. मे महिन्यात कोटाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. बारव पाहिली आणि सर जेवायचं विसरले. दगडाला हात लावत चार फेऱ्या मारल्या.

"चुना नाही, शिसं नाही, काही नाही! दगडाला खाच, खाचेत दगड. सातशे वर्षं नुसते एकमेकांना धरून उभे आहेत. उज्ज्वला, काय लोक असतील हे!"

"लोक कसले होते ते पश्चिमेला बघा, सर."

त्यांनी पश्चिमेचा जिना पाहिला. छत्री मिटली. मग म्हणाले, "माणसं लिहिताना खोटं लिहितात. ताम्रपटातसुद्धा लिहितात. पण जिना कुठे नेला आणि कुठे थांबवला, हे नाही लपवता येत. इमारतीला खोटं बोलता येत नाही."

हे मला पत्रकात टाकायचं सुचलं नव्हतं याचा मला रागच आला.

मोजणी सुरू झाली. सर पलीकडे रुंद जिन्यावर, मी पश्चिमेच्या ओट्यावर टेपचं शून्याचं टोक धरून. ओट्याच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, दगडातच कोरलेला उथळ खळगा होता, परातीएवढा. आम्ही समजत होतो मडकं टेकवायला केलाय. त्यात पालापाचोळा आणि शेळीच्या लेंड्या. सावली पायाखाली आली होती, म्हणजे साडेबाराचा सुमार. ऊन असं की दगडाला पाठ टेकवत नव्हती.

आणि तेव्हा ऐकू आलं.

टक्… टक्… टक्-टक्-टक्.

मग शांत. उत्तराची वाट बघत माणूस थांबतो, साधारण तेवढा वेळ. पुन्हा: टक्… टक्… टक्-टक्-टक्.

भिंतीतून. माझ्या खांद्याच्या उंचीवर.

मी ओरडले, "सर, कोण ठोकतंय?"

"कुठे काय?"

"हे काय! पुन्हा झालं!"

सर आले, कान भिंतीला लावला, कान भाजला, रुमाल ठेवून पुन्हा लावला. ठोके चालूच होते. मला लख्ख ऐकू येत होते. सर म्हणाले, "मला फक्त माझी नाडी ऐकू येते."

आता मी काय केलं असेल? अगरबत्ती नाही लावली. वर जाऊन शोधलं. पश्चिमेला भिंतीमागे घर नाही, पडीक जागा आहे. झाड नाही, म्हणजे सुतारपक्षी नाही. जवळची मोटर विजेवरची, आणि दुपारी लाइट नसायचीच. खडी फोडणारं कुणी नाही. दगड तापून आवाज करतात हे मलाही माहीत आहे, पण दगड तापून दोन सावकाश आणि तीन भरभर अशी कवायत करत नाहीत. दुसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन बसले. पुन्हा साडेबाराच्या आसपास. वीसेक मिनिटं. सरांना पुन्हा काही नाही. त्यांचा चेहरा असा पडला होता, जणू त्यांना कुणी पंक्तीतून उठवलंय. "मला का नाही?" दोनदा विचारलं त्यांनी.

मी म्हटलं, उन्हानं माझं डोकं फिरलं असेल. कांदा खाल्ला, पाणी प्यायले, विषय बंद.

त्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, मी आणि आबा अंगणात बाजेवर बसून कळण्याची भाकरी आणि ठेचा खात होतो. आमचं बोलणं बंदच होतं, बारवेवरून. मी माझ्या विचारात होते आणि माझं बोट आपोआप बाजेच्या लाकडावर वाजत होतं. दोन सावकाश, तीन भरभर.

आबांचा घास हातात थांबला.

त्यांना ऐकू आलं नव्हतं. लाकडातून मांडीला कळलं होतं.

"हाई तुले कोनी शिकाडं?"

मी म्हटलं, कोणी नाही. त्यांनी ताट खाली ठेवलं. माझं मनगट धरलं. "कोनी? खरं सांग."

मी सांगितलं. ओरडून सांगितलं, त्यामुळे सगळ्या गल्लीला कळलं, पण इलाज नव्हता. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं, मनगट सोडलं नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते.

जाड भिंत रचताना एक कारागीर आत असतो, एक बाहेर. एकमेकांना दिसत नाहीत. पुलाच्या कामात तर खाली नदीचा आवाज, बोललेलं कळत नाही. मोठा दगड खाचेत बसवताना आतल्या माणसाला हात दगडाखाली घालून तो सरळ करावा लागतो. हात आत घातला की तो हातोडीनं बाजूच्या दगडावर हाक देतो. दोन सावकाश, तीन भरभर. अर्थ: माझा हात आत आहे, दगड धर. बाहेरच्यानं दगड पेलला की दोन ठोके द्यायचे. अर्थ: धरला, हात काढ. तो जवाब येईपर्यंत आतला माणूस हात काढू शकत नाही आणि हलू शकत नाही. आबांच्या उस्तादाची उजव्या हाताची चार बोटं अशीच गेली, कारण बाहेरचा गडी हाक आली तेव्हा बिडी पेटवत होता. उस्तादानं ही हाक आबांना शिकवली, उस्तादाला त्याच्या उस्तादानं. सिमेंट आलं आणि ती बंद पडली. तीस वर्षांत आबांनी ती कुणाकडून ऐकली नव्हती. मला शिकवलेली नव्हती. माझ्या आईलाही माहीत नव्हती.

"आबा, तो आवाज आहे फक्त. काहीतरी शास्त्रीय कारण असेल."

"व्हई," आबा म्हणाले. "सकाय जाऊत."

"कुठे?"

"बारववर. कुठे म्हने! हाक उनी ते जवाब देनाच पडस. त्याना हात दगडखाले शे."

तीन दिवस मी ओरडत होते, पत्रकं वाचत होते, पुरावा पुरावा करत होते. त्याचा त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नव्हता. आणि आता कुठल्या तरी ठोक्यासाठी हा माणूस तीस वर्षांनी बारवेवर निघाला होता! मला अपमानही वाटला, आणि हसूही येत होतं.

बुधवार. आबांनी टाकीची जुनी पिशवी बाहेर काढली, हातोडीला तेल लावलं. आम्ही साडेअकरालाच पोचलो. पश्चिमेच्या जिन्याच्या तोंडाशी आबा थांबले. सर काहीतरी बोलणार होते, मी त्यांचा हात दाबला.

आबांनी चपला काढल्या. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा घातल्या. "याले कशाले पाया पडू?" असं स्वतःशीच म्हणाले आणि उतरले. एकोणीस पायऱ्या. डावा तळवा भिंतीवर, शेवटपर्यंत.

ओट्यावर आम्ही तिघं उभे राहिलो की हलायला जागा नव्हती. सूर्य डोक्यावर आला. मी घड्याळ बघत होते. बारा तेहतीस.

टक्… टक्…

मी काही बोलायच्या आत आबांचा तळवा भिंतीवर थांबला. मी त्यांना खूण केली नव्हती. शपथ घेणं मला पटत नाही, पण खूण केली नव्हती. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ते तळवा सावकाश सरकवत होते, डावीकडे, खाली, पुन्हा डावीकडे — आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसा. खळग्याच्या बरोब्बर वर, हातभर रुंदीच्या एका दगडावर तळवा थांबला.

"वाजी ऱ्हायनं," ते म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून, नेहमीच्या बहिऱ्या मोठ्या आवाजात, "कोन शे रे भो?"

सर माझ्याकडे बघत होते. त्यांना अजूनही काही ऐकू येत नव्हतं.

आबांनी हातोडी उचलली आणि त्या दगडावर दोन ठोके दिले. टक्. टक्.

भिंतीतला आवाज थांबला. मध्येच. दोन सावकाश झाले होते, तीन भरभर व्हायचे होते, ते झालेच नाहीत.

त्यानंतर तो कधीच ऐकू आला नाही. मला नाही, कुणालाच नाही.

आबांनी बोटानं दगडाची कड खरवडली. पांढरं निघालं. सर पुढे झुकले आणि ओरडले, "चुना! हा चुना आहे! अख्ख्या बारवेत चुन्याचा कण नाही, आणि इथे… हा दगड नंतर कोणीतरी बसवलाय. हात लावू नका हं आबा, आधी फोटो, आधी मोजमाप, परवानगीशिवाय वास्तूला…"

"काय म्हनी ऱ्हायना हाऊ?" आबांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही."

सरांनी मला ते अजून माफ केलेलं नाही.

आबांनी टाकी लावली. पाऊण तास लागला. दगड हलला तेव्हा त्यांनी तो छातीशी धरून, तान्ह्या पोराला ठेवतात तसा बाजूला ठेवला. मागे कोरलेली पन्हळ होती, मूठ जाईल एवढी. आधी चिखल आला. मग वास. मग करंगळीएवढी पाण्याची धार, आणि ती सरळ त्या खळग्यात पडली. खळगा भरला, आणि त्याच्या कडेच्या एका खाचेतून, जी लेंड्यांखाली आम्हाला दिसलीच नव्हती, पाणी खाली बारवेत पडू लागलं.

सर ओट्यावरच बसले. कोटाची गुंडी काढली. "झरा पश्चिमेला आहे," ते म्हणाले. "बारवेचं पाणी इकडून येतं. बांधणाऱ्यांनी ते आधी या कुंडीत आणलं, आणि इथून पुढे खाली सोडलं. म्हणजे… उज्ज्वला, म्हणजे या ओट्यावर उभ्या असलेल्याला कुणाकडे मागायची गरजच नव्हती. पाणी आधी त्याचं. मग बाकी गावाचं."

मी पन्हळीची खालची कड हातानं चाचपली. झिजून गुळगुळीत झालेली होती. अनेक पिढ्यांच्या हातांनी झिजते तशी. मग कुणीतरी चुना कालवून दगड बसवला असेल. झरा खालच्या सांध्यांतून बारवेत झिरपत राहिला असेल. दगड कोणी बसवला, कधी, माहीत नाही.

आता कुणी यावरून "बघा, पूर्वी समता होती" असं काढू नका. जिना वेगळाच होता! तो सुरुवातीपासून वेगळा बांधलाय, आणि कुणाच्या तरी हुकुमानं बांधलाय. मी एवढंच म्हणते की हुकूम पाळताना दगड घडवणाऱ्या कुणीतरी, जिना जिथे थांबवायला सांगितला तिथे पाणी आणून ठेवलं. आणि ते लपवून ठेवलं नाही. धडधडीत उघड्यावर, बारवेच्या बांधणीतच बसवलं.

आबा कुंडीपाशी उभे होते. त्यांनी हात पुढे केला, पन्हळीपर्यंत. अंतर मोजलं.

"मनी मायनी आठेच हात पसरात," ते पायाखालच्या ओट्याकडे बोट दाखवत म्हणाले. "पानी एक हातवर व्हतं. एक हातवर, पोरी."

मग ओंजळ भरली आणि प्यायले. दुसरी ओंजळ भरून माझ्यापुढे धरली. मी पाणी उकळून प्या म्हणून वस्त्यावस्त्यांत सांगत फिरणारी बाई. प्यायले.

ग्रामसभेत आबांना समजवावं लागलं नाही. नाना "विषय क्रमांक चार" म्हणाले आणि आबा त्यातलं काही न ऐकता, मी बोट दाखवल्याबरोबर उभे राहिले. "ती बारव आमनी शे," इतक्या मोठ्यानं म्हणाले की बाहेरचे बैल बिचकले. "पानी आमनाकडथून तुमनाकडे जास. बुजाडशात ते मालेबी तठेच बुजाडा." आणि बसले. कुणीतरी मागून म्हणालं, काल तर हाच माती टाकणार होता. हशा झाला. नाना हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नाना स्वतः पश्चिमेच्या जिन्यानं खाली गेले. पाणी प्यायले का? नाही. हात धुतले. शर्टाला पुसले. यानं जग बदललं असं मी म्हणत नाही. पण सभागृह शाळेकडे सरकलं, आणि बारव आहे. संरक्षित वास्तूसाठीचा अर्ज चार वर्षं टेबलावरून टेबलावर फिरतोय, त्याबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण मग मासिकाला पानं पुरणार नाहीत.

ते वाक्य. "मायेचा एक थेंब नाही." पत्रकाच्या साडेतीनशे प्रती उरल्या होत्या. प्रत्येकीवर ते वाक्य मी पेनानं स्वतः खोडलं. आबा शेजारी बसून एकेक कागद सरकवत होते.

आता स्पष्टीकरण. सरांचं म्हणणं असं की बंद पन्हळीत झऱ्याचा दाब साठत असावा, दुपारी दगड तापून फट उघडत असावी, आणि हवा-पाणी अडकून ठोक्यासारखा आवाज होत असावा. हे मला पटतं. पटलंच पाहिजे. पण मग ताल? आणि तो ताल आबांच्या उस्तादाचा कसा? सरांना, ज्यांचे कान शाबूत, त्यांना का नाही ऐकू आला? आणि आबांनी दोन ठोके दिल्याबरोबर तो थांबला, तेव्हा दगड जागचा हललासुद्धा नव्हता. दाब होता तेवढाच होता. शिवाय आत माणूस उभा राहायला जागाच नाही, मूठभर पन्हळ आहे फक्त. मी टॉर्च घालून बघितलंय. दोनदा.

सर दर मे महिन्यात येतात. छत्री घेऊन ओट्यावर बसतात, साडेबाराला रुमाल ठेवून भिंतीला कान लावतात, आणि हिरमुसून धुळ्याची एसटी पकडतात. आबा त्यांना दरवेळी भरीत-भाकरी खाऊ घालतात. "ज्याले हाक येस नही, त्याले भूक त लागस," म्हणतात.

हे लिहायला बसण्याआधी मी आबांना पुन्हा विचारलं. कानाशी जाऊन, सगळ्या गल्लीला ऐकवत. "आबा, कोण होतं ते?"

"कारागीर."

"सातशे वर्षांपूर्वीचा?"

"मंग? दगडले काय घाई शे?"

एवढंच. त्यांना त्यात काही अजब वाटत नाही. अजब मला वाटतं, आणि ते मला आवडत नाही. उत्तर मिळालं तर मी स्वतः पत्रक काढीन.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. मी गावाकडून मोर्चाला, सभेला, कुठेही निघाले की आबांना आधी काळजीनं बडबड करायची सवय होती: कधी येशी, कोन संगे शे, पोलिस मारतीन का. आता बोलत नाहीत. मी दारात चपला घालताना मागून येतात आणि माझ्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, बोटानं दोनदा ठोकतात.

धरलंय. हात काढ.